घरात कोणी नाही

१

कुरिअरची वाट बघायची असेल तर माणसाने आंघोळीला जाऊ नये, मिक्सर लावू नये आणि बहिणीशी फोनवर बोलत बसू नये. बाईंनी सोमवारी ही तिन्ही पथ्यं पाळली. आंघोळ पहाटे उरकली, स्वयंपाक नऊच्या आत आटोपला आणि हॉलमधली लाकडी खुर्ची ओढून त्या दारापासून चार हातांवर बसल्या. मांडीवर निवडायची भाजी, डोळे दाराकडे, कान जिन्याकडे. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेली बाई. पाठमोरी फळ्यावर लिहीत असतानाही मागे कोण कुजबुजलं ते नावानिशी सांगणारी. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं आणि त्यांना कळलं नाही, असं व्हायचंच नाही.

अकरा चाळीसला आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"अहो बाई, आपण घरी नाही."

"काय?"

"माझ्या फोनवर मेसेज आलाय. 'पार्सल देण्याचा प्रयत्न केला. घर बंद. ग्राहक घरी नाही. प्रयत्न पहिला.' कुठे गेलोय ते काही लिहिलं नाही."

बाई भाजीसकट उठल्या. दार उघडलं. बाहेर कोणी नाही. कठड्यावरून वाकून बघितलं, तर तिन्ही मजल्यांचा जिना खालपर्यंत मोकळा.

"मेले भरदिवसा खोटं बोलतात!" त्या म्हणाल्या आणि कंपनीला फोन लावला. आधी सात मिनिटं संगीत, मग एक गोड मुलगी.

"मॅडम, सिस्टिममध्ये घर बंद दिसतंय."

"अगं बाळ, मी घरातूनच बोलतेय."

"हो मॅडम. पण सिस्टिममध्ये तुम्ही घरात नाही आहात."

"मग हा फोन काय माझ्या भुताने केला?"

मुलगी म्हणाली, "तुमच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. तीन प्रयत्न होतात, मॅडम. नंतर पार्सल परत जातं."

२

परत जाऊन चालणार नव्हतं. त्या पार्सलमध्ये पाय होता.

बाईंचा नवरा पोस्टमन. चौतीस वर्षं रोज पंधरा-सोळा किलोमीटर चाललेला माणूस, निवृत्त झाल्यावरही सगळ्या भागात 'पोस्टमन' म्हणूनच ओळखला जाणारा. नऊ महिन्यांपूर्वी साखरेपायी अंगठ्याची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पायाचं माप झालं, कच्चा पाय लावून बघितला आणि शेवटचा हात फिरवायला तो दूरच्या कारखान्यात गेला. तिथून तो कुरिअरने घरी यायचा होता. शनिवारी व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण येऊन तो बसवणार होती. तिने बाईंना दाराबाहेर नेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "गुडघा आखडत चाललाय. पंधरा दिवसांत उभे राहिले नाहीत, तर मग कुठलाच पाय बसणार नाही." पार्सल परत गेलं तर पुन्हा माप, पुन्हा रांग, चार महिने. म्हणजे कायमचं अंथरूण.

पोस्टमनना हे माहीत होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. बाईंना खरी भीती होती ती याची. कोपऱ्यात कुबड्या टेकवून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ. माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला.

एके काळी या घरात हजेरी व्हायची. लग्न झालं त्या वर्षी बाईंनीच ती थट्टेने सुरू केली. पटावर नावं दोनच. संध्याकाळी पोस्टमन फिरून आले की त्या आतून हाक मारायच्या, "एक नंबर?" आणि हा बाबा दारातच पिशवी टाकून हात वर करायचा, "हजर, बाई!" मूल झालं नाही, पट दोनच नावांचा राहिला, पण हजेरी कधी चुकली नाही. ऑपरेशननंतर घरी आणल्यावर बाईंनी पहिल्या संध्याकाळी विचारलं, "एक नंबर?" भिंतीकडून उत्तर आलं, "गैरहजर." पुन्हा विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

"चौतीस वर्षांत खोटा 'घर बंद' शेरा मी एकदाही मारला नाही," त्या दुपारी पोस्टमन आढ्याकडे बघत म्हणाले. "तीनदा वाजवायचं, नावाने हाक मारायची, मग दाराला कान लावायचा. रिकाम्या घराची शांतता वेगळी असते आणि आत कोणी श्वास रोखून बसलं असेल तर वेगळी. नुसत्या कानाला कळतं."

"मग या कुरिअरवाल्याला का नाही कळत?"

"त्याला काय ऐकू आलं ते आपल्याला कुठे ठाऊक?"

३

मंगळवारी बाईंनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. गुडघे दाराला टेकतील इतकी. आज भाजी नाही, पेपर नाही, नुसतं बसणं.

साडेअकरापर्यंत काही नाही. अकरा चाळीसला आतून फोन टिंग वाजला.

"प्रयत्न दुसरा," पोस्टमन म्हणाले. त्यांनी आज थट्टासुद्धा केली नाही.

बाईंनी दार उघडलं आणि यावेळी खाली, अगदी तळाशी, जड बुटांची पावलं ऐकली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. म्हणजे माणूस आला होता. तीन मजले चढून, हाश-हुश करत, बाईंच्या नाकासमोर, एका फळीच्या पलीकडे उभा राहून गेला होता, आणि बाईंना काडीचाही आवाज आला नव्हता.

यावेळी फोनवर बाईंनी आवाज चढवला नाही. चढवायला तो सापडलाच नाही.

"मॅडम, आमच्या माणसाने वाजवलं होतं. दोन्ही दिवस. त्याने शेरा लिहिलाय, वाचू का?"

"वाच."

"'आतून बाईंच्या आवाजात उत्तर मिळाले. घरात कोणी नाही.'"

बाईंनी फोन ठेवला.

कारण ते वाक्य त्यांचंच होतं.

ऑपरेशननंतर माणसं भेटायला यायची. चांगली माणसं, काळजीने आलेली. पण कापलेल्या पायाकडे बघून त्यांचे चेहरे पडायचे आणि मग पोस्टमनचाही पडायचा. "कोणाला आत घेऊ नकोस," ते म्हणाले. पुढच्या वेळी दार वाजलं तेव्हा बाई गांगरल्या आणि कडी न काढताच आतून ओरडल्या, "घरात कोणी नाही!" बाहेरचा माणूस हसला आणि निघून गेला. त्या दिवशी दोघं पोट धरून हसली. एकतीस वर्षं पोरांना अक्कल शिकवणारी बाई, आणि आपणच आतून सांगतेय घरात कोणी नाही म्हणून! त्या सबंध महिन्यातलं ते एकच हसू.

मग त्याची सवय झाली. दार वाजलं की "घरात कोणी नाही." शेजारीण आली, "घरात कोणी नाही." पोस्टातले जुने सोबती आले, त्यांना तेच. पुढे पुढे बाईंना उठावंही लागायचं नाही, जिथे असतील तिथून म्हणायच्या. लोकही शहाणे. यायचे थांबले. डॉक्टरीण सोडली तर चार महिन्यांत या दाराला कुणी हात लावला नव्हता.

४

बाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. पाचवीच्या पोरांना विज्ञान शिकवलेलं. त्यांनी रीतसर विचार केला. एक, कुरिअरवाला खोटारडा. पण मग त्याला नेमकं तेच वाक्य सुचलं कसं? दोन, डुलकी लागली आणि सवयीने आपणच बोललो. पण गुडघे दाराला लावून डुलकी? तीन…

तिसरं विचारायला त्या आतल्या खोलीत गेल्या.

"अहो, खरं सांगा. तुम्ही तर नाही ना ओरडलात इथून? पाय नको म्हणून?"

पोस्टमननी मान वळवली. त्या चेहऱ्यावर राग होता, आणि किती दिवसांनी का होईना, तो बघून बाईंना बरंच वाटलं.

"मी? पोस्टमनने डाक अडवली असं म्हणतेस? पाय नको असेल तर तसं तोंडावर सांगेन. आणि बाईचा आवाज मी कुठून काढू?"

ते खरंच होतं. बाई हॉलमध्ये परत आल्या आणि थबकल्या.

त्यांच्या घरातल्या निळ्या सपाता दारापाशी होत्या. एकीचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला, त्यामुळे ओळख पटवायचा प्रश्न नव्हता. सकाळी त्यांनी त्या बाथरूमपाशी काढल्या होत्या आणि दिवसभर बाई अनवाणीच होत्या. आता सपाता खुर्ची आणि दाराच्या मधल्या वीतभर जागेत होत्या. शेजारी शेजारी, बोटं दाराकडे. कोणी दाराला तोंड लावून उभं राहावं तशा.

आपणच काढल्या असतील, बाई मनाशी म्हणाल्या. वय झालं. सपाता उचलून त्यांनी बाथरूमपाशी नेऊन ठेवल्या. आतून त्या जरा कोमट लागल्या, पण उन्हाचे दिवस होते.

५

बुधवारी बाईंनी सरळ बाहेर मुक्काम ठोकला. माणूस दारापर्यंत येऊन परत जातो ना? मग त्याला दाराआधीच गाठायचं. पायात चपला घातल्या, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसकण मारली. दार उघडंच ठेवलं. ते आपोआप लागणाऱ्या कुलपाचं, म्हणून फटीत पेपरांचा गठ्ठा दाबून बसवला. पोस्टमन आत पडून होते, फोन त्यांच्या उशाखाली.

अकरा पस्तीसला जड बूट वर येऊ लागले. पहिला मजला, दुसरा, मग थांबून घेतलेला श्वास. हेल्मेट दिसलं, मग पन्नाशीचा, पोट सुटलेला घामाघूम माणूस, काखेत लांबट खोका. तो बाईंना बघून थबकला.

"या!" बाई म्हणाल्या. "दोन दिवस घर बंद लिहिता होय? लाज नाही वाटत?"

"मावशी, माझा गुडघा गेलाय," तो माणूस भिंतीला टेकत म्हणाला. "तीन मजले मी हौसेने चढतो का? आलो, वाजवलं, तर आतून बाईमाणूस सांगतंय घरात कोणी नाही. मी म्हटलं, अहो मग तुम्ही कोण? तर पुन्हा तेच. तीनदा तेच. मी काय दार फोडू?"

"बरं, ते राहू दे. आण तो खोका."

"कोड लागेल. मौल्यवान वस्तू आहे, ज्यांच्या नावाने आहे त्यांनीच सही करायची. त्यांच्या फोनवर कोड आला असेल बघा. आज नाही दिला तर आपोआप परत जातं, माझ्या हातात काही नाही."

"आत्ता आणते," असं म्हणून बाई वळल्या.

पेपरांचा गठ्ठा दाराबाहेर, नीट चौकोनी रचून ठेवलेला होता. दार हळूच मिटत आलं होतं. बाईंचा हात पोचायच्या आत कुलपाने टक् केलं.

किल्ली आत होती.

हेल्मेटवाल्याने पोस्टमनचा नंबर फिरवला. आत रिंग वाजली. आतल्या खोलीत नव्हे, अगदी जवळ, दाराच्या पलीकडे. दोनदा वाजली आणि कुणीतरी ती कापली.

बाईंनी दार वाजवलं. नऊ महिन्यांत त्यांनी स्वतःच्या दारावर बाहेरून कधी थाप मारली नव्हती.

आतून, अगदी शांतपणे, रोजच्या सवयीने कोणीतरी म्हणालं, "घरात कोणी नाही."

हेल्मेटवाला कुजबुजला, "हाच आवाज. मावशी… हा तर तुमचाच आहे."

६

बाई गुडघ्यांवर बसल्या. दाराखाली दोन बोटांची फट होती. त्यांनी गाल फरशीला लावला.

निळ्या सपाता. काळ्या दोऱ्याचा टाका. आणि सपातांत पाय होते.

किती वेळ गेला कोण जाणे. बाईंच्या मनात एकच विचार आला, आणि तो भीतीचा नव्हता. ही मीच आहे. हिला मीच शिकवलंय. रोज एकच धडा म्हणून घेतला की मठ्ठातल्या मठ्ठ पोरालाही तो पाठ होतो. हिला एवढं एकच वाक्य येतं आणि ते ती मन लावून म्हणते आहे. आणि आत माझा माणूस आहे, जो हे वाक्य इतके महिने ऐकत आलाय. त्याला ते आता खरं वाटायला लागलंय.

बाई उठल्या. पदर खोचला. गैरहजर पोराची 'हजर' म्हणून खोटी हजेरी लावणारे त्यांनी आयुष्यात शेकड्यांनी पकडले होते. हजर माणसाला गैरहजर करणारं कोणी पहिल्यांदाच भेटत होतं. पण वर्ग शेवटी त्यांचा होता.

"एक नंबर!" त्या गरजल्या. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज तिन्ही मजल्यांवर घुमला. हेल्मेटवाला नकळत ताठ उभा राहिला.

"घरात कोणी नाही," आतून आलं.

"तुला विचारलेलं नाही! खाली बस! एक नंबर!"

"घरात कोणी नाही. घरात कोणी नाही."

"अहो, ऐकताय ना?" बाईंचा आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला. "पाय दारात आलाय. तुम्हालाच उठावं लागेल, दुसरं कोणी नाही यायचं. मी एकटीने या घरात नाही राहायची. मी पट बंद करणार नाही. एक नंबर!"

शांतता. बाईंनी कान लावला. नवऱ्याने सांगितलेली ती दोन प्रकारची शांतता त्यांना उभ्या आयुष्यात प्रथमच कळली. आत कोणीतरी श्वास रोखला होता. एकाने नव्हे, दोघांनी.

मग लांबून एक धाडकन आवाज आला. काहीतरी पडलं. एक शिवी, अस्सल पोस्टातली. मग ठक्. ठक्. लाकूड फरशीवर. ठक्. मध्ये बराच वेळ काही नाही, आणि बाई कडी घट्ट धरून उभ्या. मग पुन्हा ठक्, हॉलमध्ये.

"घरात कोणी—" दारापलीकडचा आवाज म्हणाला.

"बाजूला हो!" पोस्टमनचा आवाज आला. कुबडी जमिनीवर सणकून आपटली. "अगं, बाजूला हो म्हणतो ना!" मग झटापट, आणि अगदी दाराशी, धापा टाकत, पण पिशवी टाकून हात वर करणाऱ्या माणसाच्या सुरात,

"हजर, बाई!"

कुलूप फिरलं.

दार उघडताच गार वाऱ्याची एक झुळूक बाईंना घासून गेली. बाई तशाच उभ्या. पण हेल्मेटवाला खोका छातीशी धरून भिंतीला चिकटला. जिन्यावरून कोणी उतरत असलं की आपण अंग चोरून वाट देतो, तशी त्याने वाट दिली. मग फट् फट् सपाता वाजल्या, तीन मजले, खालपर्यंत.

पोस्टमन दारात उभे होते. एका कुबडीवर, घामाने निथळत, कपाळावर टेंगूळ, हातात फोन. नऊ महिन्यांनी बाईंनी त्यांचं तोंड आपल्या तोंडाच्या वर बघितलं. हा माणूस आपल्याहून उंच आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

"फोन घेऊन दाराशी कशाला उभी होतीस?" ते वैतागून म्हणाले. "पाठ करून, हाक मारतोय तरी वळेना. हिसकावून घ्यावा लागला. आणि तू…" ते थांबले. त्यांनी बाईंच्या पायांतल्या बाहेरच्या चपलांकडे बघितलं, दाराबाहेरच्या बाईंकडे बघितलं, मग रिकाम्या हॉलकडे. पुढचं त्यांनी विचारलं नाही, आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही.

"दोन नंबर, हजर," बाई एवढंच म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं.

पोस्टमननी कोड वाचून दाखवला. खोका काखेत धरला, गाठी तपासल्या, पत्ता वाचला आणि सहीसाठी हात पुढे केला. "शेरा नीट लिहा," ते हेल्मेटवाल्याला म्हणाले. "स्वतः घेतले."

संध्याकाळी बाई दूध आणायला खाली गेल्या. सपाता सगळ्यात खालच्या पायरीवर होत्या, बोटं रस्त्याकडे. त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे नव्हत्या.

७

पाय शनिवारी बसला. पहिला आठवडा पोस्टमन पलंग ते दार एवढंच चालले आणि प्रत्येक वेळी दार उघडून बाहेर बघून आले. दुसऱ्या आठवड्यात दार वाजलं की बाईंच्या आधी तेच ओरडायचे, "आहे, आहे, येतोय! पळू नका!" शेजारीण आली. पोस्टातले सोबती आले, त्यांनी पाय हातात घेऊन बघितला आणि किमतीवरून वाद घातला. पोस्टमन आता डाव्या पायालाही बूट हवा म्हणून हटून बसले, आणि त्यांनी नवीन जोड मागवला.

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी दोघांनी दार ओढून घेतलं. बाईंनी किल्ली दोनदा तपासली. तीन मजले उतरायला वीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर बाई क्षणभर अडखळल्या, पोस्टमननी हात पुढे केला, आणि दोघं रस्त्यावर आली. ऊन होतं. पेपरवाल्याने दुकानातून हात केला. पोस्टमन एकेका घराकडे बघत, कुठे कोण राहायचं ते सांगत चालले होते. त्यांची छाती पुढे आली होती.

कोपऱ्यावर फोन टिंग वाजला. पार्सल दारात आल्याचा मेसेज होता, आणि लगोलग हेल्मेटवाल्याचाच फोन आला.

"काका, बूट आणलेत. तीनदा वाजवलं. हाक मारली. आज आतून काहीच आवाज नाही आला."

"दाराला कान लावलात?"

"लावला."

"शांतता कशी होती?"

पलीकडच्या माणसाने पुन्हा कान लावला असावा. हेल्मेट दाराला घासल्याचा आवाज आला.

"रिकामी, काका. अगदी रिकामी."

"मग बरोबर आहे. बिनधास्त शेरा मारा." पोस्टमननी फोन खिशात टाकला आणि बाईंकडे वळून बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"अहो बाई," ते म्हणाले, "आपण घरी नाही."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "चला, अजून पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ."